बँकेनं नाकारलेला डाव

बँकेचा नकार आला तेव्हा मी भरली वांगी परतत होते. मेसेज वाचायला चष्मा शोधला, चष्मा सापडेपर्यंत वांगी करपली आणि दोन्हींचा राग एकदमच आला. मोबाइलवर लिहिलं होतं, सुरक्षिततेच्या कारणास्तव आपला व्यवहार नाकारण्यात आला आहे. कुणाच्या सुरक्षिततेच्या, ते काही लिहिलं नव्हतं. गॅस बंद करून मी पुन्हा पैसे भरून पाहिले. पुन्हा तेच. आणखी एकदा भरायला गेले तर काही वेळानं प्रयत्न करा, म्हणे. काही वेळ थांबणं मला जन्मात जमलेलं नाही. आई म्हणायची, देवानं या पोरीच्या पायाला भिंगरी बांधूनच खाली पाठवलीय.

भरायचे होते ते काही फार पैसे नव्हते. महिन्याकाठी एका मसाला डोशाचे होतील एवढेच. मोबाइलवर कॅरमचा एक खेळ आहे, त्यातल्या खासगी टेबलाची ती वर्गणी. साताऱ्यात एकटी राहणारी, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली, साठी कधीच ओलांडलेली बाई मोबाइलवर कॅरम खेळते हे ऐकून ज्यांना हसू येतं त्यांनी खुशाल हसावं. पण त्या टेबलाच्या पलीकडे माझी ताई बसलेली असायची, आणि आम्हा दोघींना भेटायला दुसरी जागा उरली नव्हती.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आम्ही वाईच्या. घराजवळच्या वाचनालयाच्या ओसरीवर एक कॅरम असायचा. मुलांचं खेळून झालं की आम्ही दोघी बसायचो. ताईचा नेम असा, की उठून गेलेली मुलं परत यायची, पण खेळायला नव्हे, बघायला. पुढं मामाकडं राहून तिनं सांगलीत कॉलेज केलं, तिथं कॅरमचा कप मिळवला आणि लग्नानंतर सांगलीजवळच माधवनगरला संसार थाटला. नवरा फौजेत. त्यांना मी दाजी म्हणते. कोरेगावकडचं शेतकरी घराणं त्यांचं, ऊस आणि फौज सोडून तिसरा विषय नाही. दाजी फौजेतून आले, मग साखर कारखान्यावर वॉचमन झाले, तीही नोकरी संपली. आता कुठं दोघं निवांत बसतील असं म्हणेपर्यंत दोन वर्षांपूर्वी ताईला अर्धांगाचा झटका आला.

उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजणं मात्र जिथल्या तिथं राहिलं. माझ्या मते छळ तो हाच. माणसाला काहीच कळेनासं झालं तर निदान त्याची सुटका तरी होते. ताईला सगळं कळायचं, अगदी लोक तिच्याशी लहान बाळाशी बोलावं तसं मोठ्यानं आणि तोडून बोलतात हेसुद्धा. ती भिंतीकडं तोंड करून जेवायला लागली. कुणी भेटायला आलं की उजवा हात पदराखाली घ्यायची. व्हिडिओ कॉल लावला की डाव्या हातानं फोन पालथा घालायची. साधा फोन लावला तर पलीकडून फक्त श्वास ऐकू यायचा आणि अलीकडून माझी एकटीची बडबड. मी आयुष्यभर टेलिफोनवर काम केलं. लाइनवर शांतता म्हणजे लाइनीत बिघाड, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की पाच मिनिटांत मी हवालदिल होऊन फोन ठेवायची, आणि ठेवल्यावर स्वतःवरच चरफडायची.

तिच्या हाताचा व्यायाम करून घ्यायला एक मुलगी घरी येते. डाव्या हाताला चपळाई यावी म्हणून तिनं दाजींच्या मोबाइलवर हा कॅरम टाकून दिला. दाजींनी मला कळवलं. संध्याकाळी चहा झाला की ताई माधवनगरहून आणि मी साताऱ्याहून, अशा आम्ही टेबलावर यायला लागलो.

त्या खेळात दोन प्रकारची टेबलं आहेत. फुकटच्या टेबलावर घड्याळ चालतं. आपली पाळी आली की सोंगटीभोवती एक हिरवं वर्तुळ भराभर आक्रसत जातं, ते मिटायच्या आत नेम धरून स्ट्रायकर सोडायचा. नाही सोडला तर पाळी गेली, आणि तीनदा पाळी गेली की खेळाडू बाहेर. पैसे भरले की खासगी टेबल मिळतं. तिथं बोलावल्याशिवाय कुणी येत नाही आणि घड्याळ बंद करून ठेवता येतं. ताईला घड्याळ बंद लागायचं. डाव्या अंगठ्यानं स्ट्रायकर सरकवायचा, दिशा धरायची, जोर ठरवायचा, अंगठा थरथरला की पुन्हा पहिल्यापासून. तिची एक पाळी होईस्तोवर माझी मेथी निवडून व्हायची.

सुरुवातीला मी जाम वैतागायची. उठायची, फेऱ्या मारायची, गॅलरीत जाऊन कपडे आत आणायची, परत येऊन बघायची तर स्ट्रायकर तिथंच. आणि मग अचानक तो सुटायचा आणि कडेला आपटून असा आत जायचा, की वाचनालयाच्या ओसरीवरची ताई समोर बसलीय असंच वाटायचं. ती मला हरवायची. दया म्हणून मी सोडलेले डाव नव्हेत ते. चांगली चोपून हरवायची. हरल्यावर मी फोन करून तिला चार शिव्या द्यायची, आणि पलीकडचा श्वास जरा भरभर व्हायचा. तेवढ्यावर मला रात्री शांत झोप लागायची.

वर्गणी दाजी भरायचे. मग पैसे लावून खेळायच्या खेळांवर सरकारनं बंदीचा कायदा आणला. चांगलंच झालं, माझी तक्रार नाही. पण दुधानं तोंड पोळल्यावर माणूस ताकही फुंकून पितो, तशा बँका गेम म्हटलं की दार लावून घ्यायला लागल्या. आधी दाजींच्या बँकेनं वर्गणी अडवली. दाजी जाऊन आले, त्यांना सांगितलं गेलं की गेम बंद आहेत. शिस्तीचा माणूस, बंद म्हटल्यावर सलाम ठोकून परत आला. मी म्हटलं, काळजी करू नका, आता मी भरते. आणि वांगी करपली.

दुसऱ्या दिवशी खासगी टेबल बंद झालं. आम्ही फुकटच्या टेबलावर गेलो. माझी पाळी झाली, ताईची आली. ते हिरवं वर्तुळ आक्रसत गेलं आणि मिटलं. पुन्हा माझी, पुन्हा तिची. मी मुद्दाम चुकीचं मारून तिला वेळ मिळतो का पाहिलं. घड्याळाला त्याचं काय. तिसऱ्यांदा पाळी गेली आणि माझ्या पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उधळले गेले. आपला प्रतिस्पर्धी टेबल सोडून गेला आहे, आपण जिंकलात, अभिनंदन. माझ्या बहिणीला हाताला धरून बाहेर काढलं होतं आणि मला वाजतगाजत विजयी करत होते. मोबाइल आपटायला हात वर गेला होता माझा. हप्ते अजून फिटायचेत म्हणून खाली आणला.

चार-पाच दिवस ताई तरीही येत राहिली. मग यायची थांबली. मी टेबल लावून बसायची आणि समोरची खुर्ची रिकामी. आठवडा उलटल्यावर दाजींचा फोन आला. हा माणूस स्वतःहून फोन करणाऱ्यातला नव्हे. ते म्हणाले, "मेव्हणीबाई, तुमच्या ताईचं काय खरं न्हाई बगा. फोन हातातबी घेत न्हाई. व्यायामाची पोरगी आली तर डोळं मिटून पडती. जेवाय दोन घास, ते बी मी रागावल्यावर. डाक्टर म्हनला, डावा हात बी असा टाकला तर त्योबी जाईल. मी आता काय करू सांगा."

फोन ठेवून मी साडी बदलली आणि तडक बँकेत गेले.

आमच्या शाखेतला अधिकारी तरुण आहे, वागायला गोड आहे. त्या दिवशी त्याचा गोडपणाच मला सोसेना. मी गेम म्हटल्याबरोबर त्यानं आवाज खाली आणला, माझ्यासाठी पाणी मागवलं आणि विचारलं, "काकू, तुम्हाला कुणी लिंक पाठवली का? कुणी घाबरवतंय का? मोकळेपणानं सांगा." मागच्या भिंतीवर एक पोस्टर होतं. त्यात एक म्हातारी मोबाइल धरून कपाळाला हात लावून बसली होती. तो एकदा तिच्याकडं बघायचा आणि एकदा माझ्याकडं.

मी मोबाइल काढला आणि त्याच्या टेबलावर कॅरम चालू करून दाखवला. हे बघ, हा कॅरम, ह्या सोंगट्या, ही राणी. यात पैसे लावत नाहीत, पैसे मिळत नाहीत. समोर कुणीतरी अनोळखी खेळाडू आला होता, म्हणून मी खेळायलाच लागले. माझ्या मागं पासबुक घेऊन एक फेटेवाले आजोबा थांबले होते, तेही वाकून बघायला लागले आणि म्हणाले, "आवं बाई, कडंनं मारा की, सरळ कुटं जाती ती." मी कडेनं मारलं आणि सोंगटी गेली. अधिकारीसुद्धा क्षणभर खूश झाला. मग भानावर येऊन त्यानं संगणकात बघितलं आणि सांगितलं की ज्या कंपनीचा हा कॅरम आहे, तीच कंपनी पूर्वी पैशाची रमी चालवायची, म्हणून त्या कंपनीकडं जाणारा कुठलाही पैसा संशयास्पद धरला जातो. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, मी म्हटलं. त्यावर तो हसला नाही. म्हणाला, तुम्ही बसलाय त्याच खुर्चीत एक निवृत्त गृहस्थ बसले होते. सगळी पुंजी रमीत घालवून बसले होते आणि बँकेनं मला आधीच का अडवलं नाही म्हणून रडत होते. मी पाणी प्यायले.

तो पुढं म्हणाला, अशा वेळी आम्ही थेट बंद करत नाही, आधी विचारतो. तुम्हाला आमच्याकडून फोन आला होता, एकदा नव्हे, दोनदा. तुम्ही उचलला नाही. मला आठवलं. आले होते खरे अनोळखी नंबरवरून फोन. पण माझ्या मुलानं मला बजावून ठेवलंय की अनोळखी नंबर उचलायचाच नाही, कुणी कितीही वाजवो. जिनं पस्तीस वर्षं साताऱ्याच्या अख्ख्या जिल्ह्याचे अनोळखी फोन उचलले, ती बाई आता घरात वाजणाऱ्या फोनकडं साप बघावा तशी बघत बसते.

"मग आम्ही खात्यावरच्या दुसऱ्या नावाला फोन केला," अधिकारी म्हणाला. "त्यांनी सांगितलं, हा व्यवहार आईचा नाही. ताबडतोब थांबवा."

आमचे हे गेल्यावर खात्यावर दुसरं नाव मुलाचं घातलंय. तो पुण्यात असतो. मी बँकेच्या पायरीवर उभी राहूनच त्याला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता, मी म्हटलं बाहेर ये. आला. मी विचारलं, बँकेला काय सांगितलंस? त्याला आधी आठवेना. मग आठवलं आणि उलट मलाच शाबासकीच्या सुरात म्हणाला की बरं झालं त्यांनी मला विचारलं, नाही तर तुझं खातं साफ झालं असतं.

मी म्हटलं, "ते पैसे मीच भरत होते. मी खेळते."

"तू? गेम?"

"मग काय शेजारची मांजर खेळते?"

तो हसला. मग मी हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं. म्हणाला, "अगं आई, मी त्यांना छातीठोक सांगितलं, माझी आई असलं काही करणारच नाही."

मला फार वाईट वाटलं. रागाच्या आधी वाईट वाटलं, आणि माझ्या बाबतीत हे सहसा उलटं होतं. तो रोज फोन करतो. गोळ्या घेतल्या का विचारतो, गॅस बंद केला का विचारतो. रोज संध्याकाळी चहानंतर मी काय करते हे त्यानं कधी विचारलं नव्हतं, आणि तरी छातीठोक सांगून मोकळा झाला होता. मी त्याला ताईचं सगळं सांगितलं. मावशी त्याची लाडकी आहे. तो म्हणाला, थांब, मी माझ्या कार्डावरून भरतो, दोन मिनिटांचं काम. मला खरं तर माझे पैसे माझ्या खात्यातूनच भरायचे होते, हट्टानं. पण हट्ट करायची वेळ नव्हती. भर, म्हटलं.

अर्ध्या तासानं त्याचा फोन आला. त्याच्या बँकेनंही नाकारलं होतं. दुसऱ्या कार्डावरून केलं, तेही नाकारलं. ही बँक कोण मला सांगणार, माझा पैसा मी कुठं खर्चायचा ते, असं तो तावातावानं बोलत होता. ऐकून मला थोडं बरं वाटलं, हे कबूल करते.

तर दार सगळ्याच बाजूंनी बंद होतं. कुणाची चूक म्हणावी? कायदा बरोबर होता, बँक आपल्या जागी बरोबर होती, मुलगा काळजीपोटी बोलला होता. सगळे बरोबर आणि माधवनगरला ताई डोळे मिटून पडलेली. रात्रभर मी या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. सकाळी उठले, आमच्या सोसायटीच्या हॉलमधला कॅरम बोर्ड रीतसर विचारून उचलला, सोंगट्यांचा डबा पिशवीत टाकला आणि सांगलीची एसटी पकडली.

अख्खा कॅरम बोर्ड घेऊन एसटीत चढणं हा एक वेगळाच धडा आहे. तो सीटखाली जात नाही, वरच्या फळीवर राहत नाही, मांडीवर घेतला तर शेजाऱ्याच्या बरगडीत घुसतो. कंडक्टर म्हणाला, "मावशी, ह्येचं तिकीट काडावं लागंल." मी म्हटलं, अर्धं काढा, तोही माझ्यासारखाच जुना आहे. कराडपर्यंत मी तो उभा धरून बसले, कराडला एका शाळकरी मुलीला खिडकी दिली आणि बोर्ड मधल्या वाटेत आला, पुढं आष्ट्यापर्यंत चढणारा-उतरणारा प्रत्येक जण त्याला आणि मला ठेचकाळून गेला. कुणी विचारलं, मावशी स्पर्धा आहे का? मी हो म्हटलं. त्या तीन तासांत माझ्या मनानं सगळं ठरवून टाकलं होतं. खरा बोर्ड बघून ताई उठून बसेल. मोबाइल गेला खड्ड्यात. ज्याच्यात बँक नाही आणि घड्याळ नाही असा कॅरम आपल्या सोसायटीतच होता, आपल्याला सुचला नाही इतकंच.

ताई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, जिच्या आधारानं ती घरात चार पावलं टाकते ती काठी शेजारी टेकवलेली. वाळली होती. मला बघून तिचे डोळे हलले, आणि बोर्ड बघून तर चांगलेच हलले. दाजींना मी कितीतरी दिवसांनी हसताना पाहिलं. त्यांनी स्टूल आणलं, त्यावर बोर्ड ठेवला, पुसला, मी बोरिक पावडर टाकली, सोंगट्या मांडल्या, मधोमध राणी. पहिली पाळी ताईला दिली.

तिनं डावा हात वर आणला. मोबाइलवर अंगठा नुसता सरकवायचा असतो. इथं बोटानं टिचकी मारायची होती, जड स्ट्रायकरला, आणि तिचा सगळा नेम आयुष्यभर उजव्या हातात. तिनं मारलं. स्ट्रायकर वाकडा गेला, बोर्डाच्या कडेवरून उडाला आणि घरंगळत पलंगाखाली गेला. दाजींनी तो वाकून काढला आणि म्हणाले, "लय भारी. जमतंय की. आजून एकदा, हं, शाब्बास."

भला माणूस तो, पण त्याला कसं कळावं? कप जिंकलेल्या बाईला, स्ट्रायकर पलंगाखाली घालवल्याबद्दल शाब्बास. ताईनं डावा हात आडवा फिरवला आणि सगळ्या सोंगट्या उधळल्या. मग उजव्या हातावर पदर ओढून घेतला आणि तोंड खिडकीकडं केलं.

दाजींना मी चहा करायला पाठवलं. दार लोटून घेतलं आणि ताईवर तोंड सोडलं. आजारी माणसाशी असं बोलू नये हे मला ठाऊक आहे. मी म्हटलं, कॅरम घेऊन तीन तास उभी-आडवी होत आले, आणि तू माझ्यासमोर सोंगट्या फेकतेस? मी कोण आहे तुझी? रोज संध्याकाळी माझ्याशी खेळायचीस ती कोण होती? ती खिडकीकडंच बघत राहिली. मी तिच्या खुर्चीसमोर जाऊन उकिडवी बसले आणि विचारलं, "माझी लाज वाटते तुला?"

तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. हो म्हणून. डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही, मीही पुसलं नाही.

तेव्हा मला समजलं. इतके दिवस मी घड्याळालाच धरून बसले होते. मोबाइलवरच्या टेबलावर घड्याळ नव्हतं, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिथं हात दिसत नव्हते. तिचा अंगठा किती थरथरतो, किती वेळा चुकतो, हे तिथं कुणी बघत नव्हतं. मला दिसायचा तो फक्त सुटलेला स्ट्रायकर. आणि मी नेमकी तिच्यासमोर येऊन, डोळे फाडून, प्रेमानं तिचा हात बघत बसले होते.

मी खाली बसून सोंगट्या गोळा केल्या आणि पुन्हा मांडल्या. मग माझी खुर्ची उचलली, फिरवली आणि भिंतीकडं तोंड करून बसले. म्हटलं, मी बघत नाही. हातानं मार, कोपरानं मार, काठीनं मार, हवी तितकी वेळा चूक, हवा तितका वेळ घे. झालं की बोर्डावर टकटक कर, मग मी वळेन.

बराच वेळ काहीच झालं नाही. समोर भिंतीवर एका खताच्या दुकानाचं कॅलेंडर होतं, ते मी पाठ केलं. मग स्ट्रायकर घासल्याचा आवाज आला. मग पडल्याचा. मग खुर्ची सरकल्याचा, तिच्या श्वासाचा, काठी टेकल्याचा. ती उठून शोधत होती. वळावं, धरावं, उचलून द्यावं असं इतकं वाटत होतं की मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. दाजी चहा घेऊन दारात आले आणि काहीतरी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी डोळ्यांनीच त्यांना परत पाठवलं. पुन्हा घासल्याचा आवाज. टक. पुन्हा. पुन्हा पडला. पुन्हा काठी. मला वाटलं, आता ही रडेल आणि मला ऐकावं लागेल. मग आवाज बदलला. सोंगट्या एकमेकींवर आपटल्या, चांगल्या खणखणीत. त्यानंतर थोडी खुडबुड, आणि मग बोर्डावर टकटक.

मी वळले. तिच्या नऊ पांढऱ्यांपैकी फक्त चार बोर्डावर उरल्या होत्या आणि राणी गायब होती. एका पाळीत इतकं तर तिनं उजव्या हातानंही कधी केलं नव्हतं. चारही पॉकेटच्या जाळ्या मी पाहिल्या, त्यात एक सोंगटी होती, एकच. ताई वर पंख्याकडं बघत बसली होती.

"ताई, राणी कुठाय?"

तिनं खांदा उडवला. मी म्हटलं, हात दाखव. तिनं डावा हात उलटा-पालटा करून दाखवला. रिकामा. मी म्हटलं, खोटं खेळतेस काय, या वयात, आजारी असून? मी एवढी भिंतीकडं तोंड करून बसले, विश्वासानं बसले आणि तू चोऱ्या करतेस? मी खरोखर चिडले होते. आवाज ऐकून दाजी धावत आले.

तेव्हा तिनं पदर बाजूला केला. दोन वर्षं कुणाला दिसू न दिलेला तो उजवा हात तिनं डाव्या हातानं मनगटाशी धरून उचलला आणि आमच्या दोघांच्या देखत बोर्डाच्या मधोमध ठेवला. आखडलेल्या बोटांच्या मुठीत चार पांढऱ्या सोंगट्या होत्या आणि लाल राणी. आणि ती हसायला लागली. शब्द नव्हते, पण हसणं तिचंच होतं, पोटातून येणारं, मध्येच अडकणारं. दाजी दाराला धरून उभे राहिले.

मी एकेक बोट सोडवून सोंगट्या काढून घेतल्या, चालणार नाही, डाव पहिल्यापासून, असं ठणकावून सांगितलं आणि पुन्हा मांडल्या. मग माझी खुर्ची भिंतीकडं फिरवायला लागले, तर तिनं डाव्या हातानं खुर्चीची पाठ घट्ट धरून ठेवली आणि मला वळू दिलं नाही.